वेदन म्हणजे दुखणं नव्हे! मानसशास्त्रातला एक अवघड धडा स्वयंपाकघरात बसून

अकरावीच्या पहिल्या चाचणीत दोन गुणांचा प्रश्न होता: 'वेदन म्हणजे काय?' मी ठणकावून लिहिलं, 'शरीराला इजा झाल्यावर होणारे दुःख म्हणजे वेदन.' शून्य मिळालं. बाईंनी समासात लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते, 'ती वेदना.'

दहावीपर्यंत मानसशास्त्र हा विषयच नसतो, त्यामुळे अकरावीत आर्ट्सला आलेलं पोर या शब्दांना पहिल्यांदाच भेटतं. मी पुढे याच विषयात बीए केलं. आता नात्यातल्या आणि सोसायटीतल्या मुलांना शिकवते, आणि दरवर्षी कोणीतरी त्याच खड्ड्यात पडताना बघते. कारण एकच: आधी व्याख्या पाठ होते आणि करून बघायचं राहून जातं. या लेखात क्रम उलटा आहे. आधी हाताने करा, मग व्याख्या वाचा. आणि प्रत्येक उदाहरणाला एकच प्रश्न विचारा: यात इंद्रियाने काय दिलं आणि मेंदूने पदरचं काय घातलं?

हाताशी काय लागेल

- एक कोरा कागद, काळं स्केचपेन, फूटपट्टी, थोडा जाड पुठ्ठा
- अर्ध्या लिटरच्या दोन एकसारख्या बाटल्या
- खोकल्याच्या औषधासोबत येतं ते मिलिलिटरच्या खुणा असलेलं झाकण
- हात बुडेल अशी तीन भांडी
- केसांचा आकडा
- घरातलं एक माणूस, ज्याला अर्धा तास वेळ आहे. प्रयोगाच्या भाषेत हा तुमचा 'प्रयुक्त'. लहान भाऊ नको, तो मुद्दाम चुकीची उत्तरं देतो.

1. आधी शब्दांची भानगड मिटवा

मराठी पुस्तकांत या धड्याचे शब्द एकसारखे नाहीत. काही ठिकाणी 'वेदन' आणि 'संवेदन' अशी जोडी आहे, काही ठिकाणी 'संवेदन' आणि 'अवबोध'. हिंदी गाइड उघडलंत तर तिथे 'संवेदना' आणि 'प्रत्यक्षण' भेटतील. म्हणजे 'संवेदन' हा एकच शब्द एका पुस्तकात पहिल्या पायरीसाठी येतो आणि दुसऱ्यात दुसऱ्या पायरीसाठी. दोन गाइडांतून नोट्स काढणारा इथेच बुडतो.

उपाय सोपा आहे. वर्गात जे पुस्तक चालतं त्यातली जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वर्षभर तीच वापरा. मी इथे 'वेदन' आणि 'संवेदन' वापरते आहे.

वेदन: इंद्रियावर उद्दीपक (जाणीव जागी करणारी गोष्ट) आदळला, प्रकाश किंवा आवाज यांच्यातल्या ऊर्जेचं चेतातंतूंच्या संदेशात रूपांतर झालं आणि तो मेंदूकडे गेला. संवेदन: त्या संदेशांची मेंदूने जुळवाजुळव केली आणि त्यांना अर्थ दिला. कानावर शिट्टीचा आवाज पडला, हे वेदन. 'कुकरची तिसरी झाली, गॅस बंद कर', हे संवेदन.

व्यवहारात या दोन्ही गोष्टी इतक्या लगोलग होतात की सुटं वेदन आपल्याला जवळपास कधीच अनुभवाला येत नाही. म्हणून त्यांच्यामधली फट उघडी पाडणारी उदाहरणं शोधावी लागतात. सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्या डोळ्यातच आहे.

2. डोळ्यातलं भोक शोधा

कागद आडवा धरा. डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे बरोबर 8 सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडे बघत कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण 30 सेंटिमीटरच्या आसपास ठिपका गायब होईल. आणखी जवळ आणलात की परत दिसेल.

नव्वद टक्के मुलं पहिल्यांदा म्हणतात, 'ताई, काहीच गायब होत नाही.' (हे नव्वद माझ्या अंदाजाचं, उत्तरपत्रिकेत लिहू नका.) चुका ठरलेल्या असतात. डोळा मोहाने ठिपक्याकडे घसरतो, किंवा चुकीचा डोळा झाकलेला असतो, किंवा कागद तिरका असतो. नजर फुलीवर खिळलेली हवी. ठिपका डोळ्याच्या कोपऱ्यातूनच जाणवायला हवा.

होतं काय, तर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात: सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि 60 लाख शंकुपेशी. पण जिथून दृक्-चेता डोळ्याबाहेर पडते तिथे यातली एकही पेशी नसते. हाच अंधबिंदू. मारियॉट या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1660 च्या दशकात तो दाखवून दिला.

आता खरी गंमत. ठिपक्यातून आरपार जाणारी एक आडवी रेघ काढा आणि पुन्हा करून बघा. ठिपका गेला की रेघेत खंड दिसायला हवा, कारण तिथे डोळा काहीच टिपत नाहीये. पण रेघ अखंड दिसते! इंद्रियाने तिथे शून्य दिलं आणि मेंदूने आजूबाजूचं बघून मधला तुकडा पदरचा घातला. वेदन नाही, संवेदन मात्र आहे. 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाला हे उदाहरण आकृतीसह लिहा. गुलाबाचा वास आणि गरम तवा तर सगळेच लिहितात.

3. सीमा: कधी कळायला लागतं आणि कधी फरक कळतो

इथे दोन संकल्पना आहेत आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल हमखास होते.

निरपेक्ष सीमा म्हणजे उद्दीपक आहे हे कळण्यासाठी लागणारं किमान प्रमाण. पाठ्यपुस्तकांत नेहमी येणारं उदाहरण दोन गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर पाण्यात एक चमचा साखरेचं आहे. मुलं लिहितात, 'ज्याच्या खाली काहीच कळत नाही ती सीमा.' अशी भिंत नसते. तोच अंधुक आवाज एकदा ऐकू येतो, एकदा नाही. म्हणून शंभरातल्या पन्नास वेळा जो ओळखता येतो ते प्रमाण सीमा मानायचं, असा संकेत आहे. उत्तरात '50 टक्के' आलंच पाहिजे.

भेदसीमा म्हणजे दोन उद्दीपकांमधला जेमतेम जाणवणारा फरक. यासाठी बाटल्या काढा. दोन्हींत 500 मिलिलिटर पाणी भरा. प्रयुक्ताची पाठ वळली की एकीत औषधाच्या झाकणाने 5 मिलिलिटर वाढवा. 'जड कुठली?' उत्तर अंदाजपंचे येईल. वाढ 10 पर्यंत न्या, मग 15, मग 25. कुठेतरी उत्तरं बरोबर यायला लागतील. आता दोन्ही बाटल्या रिकाम्या करून फक्त 50-50 मिलिलिटर ठेवा आणि एकीत 10 घाला. लगेच कळतं. (बाटलीचं स्वतःचं वजन मोजणीत घ्यायला विसरू नका. पातळ प्लास्टिकची असेल तर फार फरक पडत नाही, स्टीलची असेल तर सगळा हिशोब बिघडतो.)

तेच 10 ग्रॅम एकदा कळले आणि एकदा कळायला जड गेले. हा वेबरचा नियम: फरक किती ग्रॅमचा आहे यापेक्षा मूळ वजनाच्या किती प्रमाणात आहे हे महत्त्वाचं. उचललेल्या वजनाबाबत हे प्रमाण साधारण 2 टक्के सांगतात. अर्न्स्ट वेबरने हे काम जर्मनीत लाइपझिगला केलं. त्यावरून गणिती सूत्र मांडलं गुस्ताव फेक्नरने, 1860 मध्ये. मुलं या दोघांना एकाच दमात 'वेबर-फेक्नर' म्हणतात आणि कोणाचं काय हे विसरतात. वेबरने प्रमाण दिलं, फेक्नरने सूत्र.

सापळा: बाटल्या एकसारख्याच हव्यात. वजन तेच असलं तरी छोटी वस्तू हाताला जास्त जड लागते. किलोभर लोखंड जड की किलोभर कापूस, हे कोडं लहानपणी सगळ्यांना घातलेलं असतं. तराजूचं उत्तर 'सारखंच', पण हाताचं उत्तर खरोखर वेगळं येतं.

केसांच्या आकड्याचा प्रयोग दोन मिनिटांचा आहे. प्रयुक्ताने डोळे मिटायचे. आकड्याची दोन टोकं एकदम बोटाच्या पेरावर टेकवा आणि विचारा, टोकं किती? दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी 'दोन' असं उत्तर येतं. पाठीवर मात्र आकडा तीन-चार सेंटिमीटर फाकवला तरी 'एकच' म्हणणारे भेटतात. स्पर्श सगळीकडे एका मापाचा नसतो, हे यातून पक्कं होतं.

4. सरावणं

बोंबील वाळत घातलेल्या गल्लीत शिरताना नाकाला रुमाल लागतो, दहा मिनिटांनी तिथेच उभे राहून गप्पा मारता. याला पुस्तकात 'अनुकूलन' म्हणतात.

तीन भांडी घ्या: एकात सोसेल इतकं गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. डावा हात गरमात आणि उजवा गारात मिनिटभर ठेवा, मग दोन्ही एकदम कोमटात घाला. एकाच पाण्याबद्दल एक हात 'गार' म्हणेल, दुसरा 'गरम'. सतराव्या शतकात जॉन लॉक या तत्त्वज्ञानेही हेच उदाहरण दिलं होतं.

अंधाराशी सरावणं हा वेगळा लघुउत्तरी प्रश्न येतो. रात्री वीज गेली की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू कपाटाच्या कडा दिसू लागतात. शंकुपेशी दहाएक मिनिटांत सरावतात, दंडपेशींना पुरता अर्धा तास लागतो. मध्येच कोणी मोबाइलचा टॉर्च डोळ्यांवर मारला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

5. चवीच्या प्रश्नात मराठी माणूस का चुकतो

'मूलभूत चवी लिहा' म्हटलं की आपल्याकडचं पोर डोळे मिटून सहा लिहितं: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. आयुर्वेदाचे सहा रस म्हणून हे बरोबर आहे. पण मानसशास्त्राच्या पेपरात गोड, आंबट, खारट आणि कडू या चार, आणि पाचवी उमामी, जी जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये वेगळी ओळखली.

मग तिखट? मिरची चिरून तोच हात डोळ्याला लावलेलं कधी आठवतंय? डोळ्यात रुचिकलिका नाहीत, तरी मिरची तिथेही 'लागते'. तिखट ही चवच नव्हे, ती उष्णतेची आणि वेदनेची जाणीव आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन चेतापेशीवरच्या ज्या ग्राहकाला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, तोच ग्राहक सुमारे 43 अंशांवरच्या उष्णतेनेही चेततो. म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंड 'भाजतं'. आपली भाषा इथे बिनचूक आहे. हा ग्राहक 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधला, आणि 2021 चं नोबेल त्यांना अर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. तुरटही जिभेच्या आकसण्याशी, म्हणजे बरंचसं स्पर्शाशी जोडलेलं आहे.

जुन्या गाइडांत जिभेचा नकाशा असतो: टोकाला गोड, मागे कडू. तो चुकीचा आहे. जिभेवर चवी ओळखणाऱ्या सगळ्या भागांत सगळ्या चवी कळतात. मिठाचा खडा जिभेच्या टोकावर ठेवून बघा.

6. रांगोळीतून गेस्टाल्ट

सुट्या तुकड्यांची मेंदू एक अखंड आकृती करून बघतो, हा गेस्टाल्ट पंथाचा विचार. धड्याचा हा सगळ्यात सुंदर भाग, आणि शिकवला जातो सगळ्यात रटाळ. समीपता, साम्य, सातत्य, पूर्तता ही चार नावं पाठ करायची आणि पुढे जायचं!

त्याऐवजी सात ते चार ठिपक्यांची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत सात, तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार. एकूण 37 ठिपके, अजून एकही रेघ नाही. टक लावून बघा. कधी आडव्या ओळी दिसतील, कधी तिरक्या, कधी सहा ठिपक्यांचं फूल. ठिपके जागचे हललेले नाहीत. सगळी अंतरं सारखी असल्याने मेंदूला ठरवता येत नाही, म्हणून तो एकेक मांडणी करून बघतो.

आता दोन आडव्या ओळींमधलं अंतर वाढवून पुन्हा काढा. फक्त आडव्या ओळीच दिसतील: ही समीपता. अंतर पहिल्यासारखं ठेवून एक तिरकी ओळ लाल रंगाने भरा. ती उठून येईल: साम्य. रेघा ओढताना पाकळी शेवटी थोडी उघडी सोडा. बघणारा तिला पाकळीच म्हणेल: पूर्तता. दोन वळणदार रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे नजर कोपऱ्यात न वळता आपल्या रेघेवरून सरळ पुढे जाते: सातत्य.

या विचाराची सुरुवात 1912 सालची. माक्स वेर्टहायमरने फ्रँकफुर्टमध्ये दोन रेघा एकापाठोपाठ एक दाखवल्या. मधला अवकाश साधारण 60 मिलिसेकंदांचा असला की बघणाऱ्याला दोन रेघा दिसत नसत. एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसे. त्याचे प्रयुक्त होते कोहलर आणि कोफ्का, पुढे हे तिघेच या पंथाचे म्होरके झाले. गणपतीच्या मंडपावर 'पळणारी' लायटिंग असते ना, तेच हे. एकही दिवा पळत नाही.

देवनागरीतलं उदाहरण तर कोणी देतच नाही. आपली अक्षरं शिरोरेषेने बांधलेली असतात, आणि जिथे शिरोरेषा तुटते तिथे आपल्याला शब्द संपलेला दिसतो. घाईत दोन शब्दांवर एकच रेघ ओढलीत की वाचणारा अडखळतो, मग मधे जागा सोडलेली असो वा नसो. जोडलेल्या गोष्टी एक दिसतात, आणि ही जोड समीपतेवरही मात करते.

आकृती आणि पार्श्वभूमीसाठी एडगर रुबिनचं फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांचं चित्र (1915) पुस्तकात असतंच. ते काढायचा सराव करा, एवढं पुरे.

7. खोली: एसटीची खिडकी

दृष्टिपटलावरची प्रतिमा सपाट, जग खोल. एका डोळ्याचे संकेत एसटीच्या एकाच प्रवासात पाठ होतात. जवळचे खांब सपासप मागे जातात आणि लांबचा डोंगर बरोबर चालत राहतो (गतिभेद). सह्याद्रीच्या मागच्या रांगा निळसर, धुरकट दिसतात (वातावरणीय संकेत). पुढचं झाड मागच्या घराला झाकतं (आच्छादन). रस्त्याच्या कडा लांबवर जुळताना दिसतात (रेषीय संकेत). दोन डोळ्यांचे संकेत दोनच आहेत: दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांमधला फरक, आणि जवळचं बघताना डोळ्यांचं आत वळणं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा.

स्थिरता, म्हणजे डोळ्यातली प्रतिमा बदलली तरी वस्तू तीच वाटणं, हेही इथेच उरका. ताट कोपऱ्यातून लंबगोल दिसतं, तरी आपण त्याला गोलच म्हणतो.

8. 'रवा' की 'खा'?

किराणाच्या यादीत घाईने लिहिलेलं 'रवा 1 किलो' नीट बघा. र आणि वा चिकटले की ते 'खा' होतं. पण कुठलाही दुकानदार 'खा एक किलो' असं वाचत नाही, तो मुकाट्याने रवा बांधून देतो. तीच अक्षरं 'पोटभर' या शब्दापुढे कापून चिकटवा. लोक 'पोटभर खा' वाचतील. शाई तीच, डोळ्यात गेलेला प्रकाश तोच, पण संदर्भ बदलला आणि वाचन बदललं. 1955 मध्ये ब्रूनर आणि मिंटर्न यांनी इंग्रजी 'बी' हे अक्षर आणि 13 हा आकडा घेऊन असंच दाखवलं होतं. अक्षरांच्या रांगेत ठेवलं की 'बी', आकड्यांच्या रांगेत ठेवलं की 13. इंद्रियाकडून वर आणि अपेक्षेकडून खाली, अशा दोन्ही बाजूंनी संवेदन घडतं ते हे असं.

अपेक्षा चुकली की भ्रम. अंधारातली दोरी साप वाटते, हे वेदान्तातलं जुनं उदाहरण परीक्षेतही चालतं. फक्त एक काळजी घ्या: दोरी आहे आणि साप दिसला तर भ्रम. समोर काहीच नाही आणि साप दिसला तर तो विभ्रम (काही पुस्तकांत निर्वस्तुभ्रम). उद्दीपक आहे की नाही, एवढीच कसोटी.

9. जर्नलसाठी: म्यूलर-लायर

बाणांच्या टोकांच्या दोन रेघांचा हा भ्रम 1889 सालचा. पुठ्ठ्याची एक पट्टी दुसरीच्या खाली सरकेल अशी करा. वरच्या पट्टीवर आत वळलेल्या बाणांची 10 सेंटिमीटरची पक्की रेघ, सरकत्या पट्टीवर बाहेर फाकलेल्या टोकांची. प्रयुक्ताने दोन्ही सारख्या वाटेपर्यंत पट्टी सरकवायची, मग तुम्ही मागून मोजायचं. निम्म्या वेळा पट्टी फार लांब ठेवून सुरुवात करा, निम्म्या वेळा फार आखूड ठेवून, आणि सरासरी काढा. एकाच बाजूने दहा वेळा केलंत तर आकडे खोटे पडतात. प्रत्येक वेळी किती चुकलं हे प्रयुक्ताला सांगू नका.

रेघा सारख्या आहेत हे माहीत असूनही त्या सारख्या दिसत नाहीत, हे निष्कर्षात लिहाच. जमलं तर एक ओळ जोडा: रिव्हर्स या संशोधकाने 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या मरे बेटावरच्या लोकांची चाचणी प्रसिद्ध केली, त्यांना हा भ्रम इंग्लंडमधल्या लोकांपेक्षा कमी झाला होता.

प्रयुक्ताचं मनोगत त्याच्याच शब्दांत लिहा. मी बीएला असताना आजीला बसवलं होतं. दहाही वेळा तिने खालची रेघ आखूड ठेवली, आणि मोजपट्टी दाखवल्यावर म्हणाली, 'पट्टी बघ तुझी, झिजली असेल.' तसंच लिहिलं. सरांनी त्या ओळीखाली बरोबरची खूण केली होती.